टाकीखालचा समुद्र

समुद्र बघायला दर वेळी अलिबागच गाठायला हवं असं कुठंय? क्रॉफर्ड मार्केट, कुर्ला, घोडबंदर रोडवरचा एक टूबीएचके आणि हाजीअलीचे खडक... एका मिलिमीटरभर प्राण्याच्या मागावर केलेली ही मुंबई-ठाण्याची हटके सफर!

मुंबईकराचं आणि समुद्राचं नातं तसं गमतीचं. समुद्र सगळ्यांच्या पत्त्यात असतो, पण वेळापत्रकात कुणाच्याच नसतो. मरीन ड्राइव्हवरून टॅक्सी जाते तेव्हा आपण मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेलो असतो. जुहूला जायचं ते पाणीपुरीसाठी. आणि समुद्रातले मासे? ते ताटात. फार तर कुणाच्या तरी ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये, काचेच्या पेटीत.

पण या शहरात अशीही मंडळी आहेत, ज्यांनी समुद्रच घरी आणलाय. खऱ्या अर्थानं. खारं पाणी, खडक, वाळू, लाटा, भरती, सगळं हॉलच्या एका भिंतीला. नेहमीची गोड्या पाण्याची गोल्डफिशवाली टाकी वेगळी आणि ही रीफ टँक वेगळी. आणि या टाकीतलं खरं बघण्यासारखं ठिकाण टाकीत नसतंच मुळी. ते असतं टाकीखालच्या कपाटात. दार उघडायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि आत डोकावायचं. या आठवड्याचं आपलं डेस्टिनेशन तेच आहे. पण थेट तिथं पोहोचून मजा नाही. वाटेत दोन-तीन थांबे घेऊया.

पहिला थांबा : मार्केट

आपल्या पिढीतल्या बहुतेकांना मासे पहिल्यांदा भेटले ते तारापोरवाला मत्स्यालयात. शाळेची सहल, रांगेत एकमेकांचा हात धरून चालणं आणि काचेला नाक लावून उभं राहिल्यावर बाईंचा ओरडा. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेलं हे मत्स्यालय 2015 मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडलं होतं. पुढे इमारत धोकादायक ठरली आणि मरीन ड्राइव्हवरचा तो हक्काचा पत्ता बंद झाला.

मग मासे बघायचे कुठे? उत्तर सोपं आहे, विकायला ठेवलेत तिथे. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, हे 1869 सालचं बांधकाम. विल्यम इमर्सनचा आराखडा आणि दर्शनी भागावर लॉकवूड किपलिंगची शिल्पं. फळं, मसाले, ड्रायफ्रूट्स करत करत पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपाशी आलात की पाण्याच्या मोटरची घरघर ऐकू यायला लागते. दुसरा पत्ता कुर्ला. स्टेशनपासून जवळच रंगीत माशांच्या दुकानांची एक दुनिया आहे. प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पिशव्या, त्यात लटकलेले मासे, पाइप, पंप, दगड, वाळू आणि घासाघीस. रविवारी सकाळी गेलात तर धक्के खायची तयारी ठेवा.

याच फिरतीत एका दुकानात माझी आणि मँडरिनची गाठ पडली.

मँडरिन ड्रॅगनेट. बोटाएवढा मासा. अंगावर निळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांची अशी काही वेलबुट्टी, की पैठणीच्या कारागिरानंही क्षणभर हातातला धोटा थांबवावा. हा मूळचा पश्चिम प्रशांत महासागरातला. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत तो राहतो. त्याची निळाई खास आहे. बहुतेक प्राण्यांत निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, मोरपिसासारखा. मँडरिनच्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य असतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये असं रंगद्रव्य असलेल्या पेशी पहिल्यांदा सापडल्या त्या याच्याच कुळात, 1995 साली.

"काय खातो हा?" मी विचारलं.

"सब खाता है मॅडम," उत्तर आलं.

माझ्यासोबत आलेला मित्र काही बोलला नाही. तो वाकून माशाचं पोट बघत होता. पोट आत गेलेलं होतं, पाठीचा कणा वरून दिसत होता. "चल," तो म्हणाला, "हा महिनाभर टिकला तरी खूप."

मँडरिनचं पोट

हा मित्र दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि रात्री समुद्र सांभाळतो. परतीच्या लोकलमध्ये, कुर्ला ते ठाणे, त्यानं मला या माशाची शोकांतिका सांगितली.

फंडा असा आहे. मँडरिन दिवसभर खडकावरून टुणटुण फिरतो आणि चोच मारल्यासारखं एकेक भक्ष्य टिपतो. ते भक्ष्य म्हणजे मुख्यतः कोपेपॉड. हे झिंगा-खेकड्यांचे अगदी सूक्ष्म नातेवाईक. बहुतेक जण अर्धा ते दोन मिलिमीटरचे, कपाळावर मधोमध एकच डोळा. ग्रीक शब्दांत त्यांच्या नावाचा अर्थ होतो 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. त्यांच्या दहा हजारांहून जास्त जाती माहीत आहेत आणि समुद्राच्या स्वयंपाकघरातलं पीठ-मीठ म्हणजे हेच. आपल्या ताटातला बोंबील जवळ्यावर जगतो आणि जवळा अशाच बारीकसारीक प्लँक्टनवर. सुक्या जवळ्याची चटणी खाताना आपणही या साखळीचं एक टोक तोंडात घालत असतो.

तर मँडरिनला डब्यातल्या गोळ्या दाखवल्या की बहुतेक वेळा तो ढुंकूनही बघत नाही. त्याला लागतं हलणारं, जिवंत, आणि तेही दिवसभर. नवीकोरी, चकाचक टाकी घेतली आणि हौसेनं त्यात मँडरिन सोडला, की तो टाकीतले होते-नव्हते ते सगळे कोपेपॉड काही दिवसांत फस्त करतो. मग काही आठवडे हळूहळू वाळत जातो. रंग शेवटपर्यंत तसाच, त्यामुळे मालकाला कळतही नाही. उपाशी मरतोय, पण दिसतोय मात्र पार्टीला निघाल्यासारखा.

"म्हणून मी आधी त्याचं शेत लावलंय," मित्र म्हणाला. "मासा नंतर."

दुसरा थांबा : घोडबंदर रोड, सातवा मजला

दार काकूंनी उघडलं. चपला काढतानाच त्यांनी माझ्याकडे तक्रार नोंदवली.

"अगं, आठ महिने झाले. एवढी मोठी टाकी, लाइटबिल बघितलंस तर चक्कर येईल आणि आत मासा किती? दोन! येणारेजाणारे विचारतात, काकू, दगड पाळलेत का?"

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण 255 लिटर. आत खडक, वाळू आणि क्लाउनफिशची एक जोडी. छान आहे, पण थक्क व्हावं असं काही नाही. मित्रानं खालच्या कपाटाचं दार उघडलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. इथं सुरू होतो आपला खरा प्रवास.

आत आणखी एक काचेची पेटी आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिला म्हणतात संप. सोसायटीच्या आवारात पाण्याची जमिनीखालची टाकी असते ना, तिचाच हा खारट चुलतभाऊ. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून ओसंडून पाइपानं खाली येतं, संपमध्ये साफसूफ होतं आणि पंपानं परत वर जातं. तासाला साधारण चार फेऱ्या. पंप, हीटर, सगळी यंत्रं खाली लपतात आणि वर दिसतो फक्त समुद्र.

36 इंचांच्या या पेटीत तीन खोल्या आहेत. त्यांच्यामध्ये काचेच्या आडव्या भिंती, म्हणजे बॅफल. मित्रानं महिनाभर एक्सेल शीटवर खोल्यांची मापं मांडली आणि काचवाल्याला कागदावर काढून दिली. इथं प्लॅन चुकला की मग सिलिकॉन खरवडत बसा.

डावीकडची पहिली खोली 11 इंचांची. वरून येणारं बहुतेक पाणी इथं पडतं, तेही एका कापडी पिशवीतून गाळून. याच खोलीत प्रोटीन स्किमर उभा असतो. हे यंत्र पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतं, त्यांना चिकटून घाण वर येते आणि कपात जमा होते. रंग फिल्टर कॉफीचा आणि वास... जाऊ द्या. स्किमरचा एक हट्ट असतो. पाण्याची पातळी कायम सारखी हवी. म्हणून या खोलीची भिंत बरोबर नऊ इंचांची. पाणी कमीजास्त झालं तरी त्याचा फरक इथं पडत नाही.

त्यानंतर तीन इंचांचा बुडबुड्यांचा सापळा. पाणी एका काचेवरून जातं, दुसरीच्या खालून, तिसरीवरून पुन्हा. वरखाली करताना बुडबुडे सुटून जातात. नाही सुटले तर वरची टाकी सोड्याच्या बाटलीसारखी दिसते.

मधली खोली आठ इंचांची. तिथं परतीचा पंप. बाष्पीभवनाचा हिशोबही इथंच दिसतो, कारण पाणी कमी झालं की याच खोलीची पातळी उतरते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. मे महिन्यात, पंखा लावून पाणी थंड ठेवायचं म्हटलं, तर दिवसाला काही लिटर सहज उडतात.

आणि उजवीकडची शेवटची 14 इंचांची खोली. काकूंच्या भाषेत 'त्याची शेती'. पुस्तकी नाव रिफ्युजियम. आसरा.

लाइट गेली तर?

आसऱ्याला भेट देण्याआधी एक वळण घ्यावं लागेल. ते चुकवलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी तुमच्या दारात उभे राहतील.

पंप चालू आहे तोवर सगळं शिस्तीत. पण लाइट गेली, की वर पाणी जाणं थांबतं आणि वरचं पाणी मात्र खाली येत राहतं. परतीच्या पाइपाचं तोंड जर पाण्यात बुडालेलं असेल, तर तो उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खेचतो. आता गणित करा. चार बाय दीड फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर. पाइपाचं तोंड दोन इंच खाली असेल तर 28 लिटर खाली येणार. चार इंच खाली असेल तर 56. आणि संपमध्ये पाण्याच्या वर मोकळी जागा किती? सहा इंच, म्हणजे साधारण 50 लिटर. दोन इंचांवर तुम्ही निवांत झोपता. चार इंचांवर हॉलमध्ये खारं पाणी, लाकडी कपाट फुगलेलं आणि एक्स्टेंशन बोर्ड तरंगतोय.

मित्रानं म्हणून पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवलं, जरा वर एक छोटं भोकही पाडलं, म्हणजे हवा शिरून सायफन लगेच तुटतो. एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो बाजारात, पण त्यात एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानं मीठ घालायच्या आधी, साध्या पाण्यावर, मुद्दाम पंप बंद करून बघितलं. दहा वेळा. सॉफ्टवेअर टेस्टर आहे शेवटी. "लाइव्ह जायच्या आधी क्रॅश करून बघायचं," तो म्हणाला.

आसऱ्याच्या आत

आता टॉर्च उजवीकडे वळवा. गुलाबी-पांढऱ्या प्रकाशात एक हिरवं जंगल दिसतं. भांडी घासायची हिरवी घासणी सोडवून पसरावी, तसं. हे कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ. मुळं नाहीत, पानं नाहीत, नुसता गुंता. त्याच्या खाली बोराएवढ्या, लिंबाएवढ्या खडकांच्या तुकड्यांचा ढीग. त्यांच्यातल्या फटी म्हणजे कोपेपॉडच्या चाळीतल्या खोल्या. इथं मासा नाही. म्हणजे खाणारा कुणी नाही. रिफ्युजियमची सगळी जादू या एका गोष्टीत आहे.

ही कल्पना लोकप्रिय केली ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी. 1980 च्या आसपास त्यांनी संग्रहालयात प्रवाळांचं जिवंत जग उभं केलं, पाणी शुद्ध करायला शेवाळ वापरलं आणि 1991 मध्ये कॅरन लव्हलंड यांच्यासोबत 'डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया' हे पुस्तक काढलं. खाणारे आणि खाल्ले जाणारे एकाच डबक्यात कोंडले तर खाल्ले जाणारे संपतात. त्यांना शेजारीच, त्याच पाण्यात, पण वेगळी जागा द्या. झालं.

पण ही जागा संपमध्ये कुठं असावी, यात खरी डोकेबाजी आहे. बरेच जण स्किमर, मग रिफ्युजियम, मग पंप अशी एका ओळीत रचना करतात. त्यात रिफ्युजियमला मिळतं ते गाळून, घुसळून स्वच्छ झालेलं पाणी. म्हणजे शेतीला खतच नाही. शिवाय सगळाच प्रवाह तिथून धो धो वाहतो. मित्रानं वरून येणाऱ्या पाइपाला टी जोडून एक फाटा काढला, त्यावर व्हॉल्व्ह बसवला आणि थोडंसं, न गाळलेलं पाणी थेट उजव्या खोलीत सोडलं. तासाला दीडशे-दोनशे लिटर, बस्स. स्किमर डावीकडे, आसरा उजवीकडे, पंप मध्ये. आसऱ्यातून बाहेर पडलेले कोपेपॉड पिशवीत अडकत नाहीत, स्किमरच्या कपात जात नाहीत. भिंतीवरून ओघळतात ते सरळ पंपाकडे. काही पंपाच्या पात्यात मरतात, पण पुष्कळसे वर पोहोचतात. भिंतीच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत, नाहीतर शेवाळाचा गुंता पंपात जाऊन बसेल.

इथला दिवा रात्री दहाला लागतो आणि सकाळी आठला बंद होतो. वरच्या टाकीच्या बरोबर उलटी शिफ्ट, कॉल सेंटरसारखी. कारण रात्री टाकीतले सगळेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी खालचं शेवाळ दिव्याखाली बसून तो कार्बन डायऑक्साइड खात असतं. सोबत नायट्रेट आणि फॉस्फेटही. महिन्यातून एक-दोनदा मूठभर शेवाळ उपटून टाकायचं. ती मूठ म्हणजे पाण्यातून बाहेर काढलेला कचरा. पण पाणी अगदीच निर्मळ झालं तर शेवाळ पांढरं पडून मरतं. लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम नायट्रेट शिल्लक राहिलेलं बरं.

कीटोमॉर्फाच का? कॉलर्पा दिसायला जास्त सुंदर असतं, पिसांसारखं. पण ते भरवशाचं नाही. कधी कधी पुनरुत्पादनाच्या भरात एका रात्रीत विरघळतं, पाणी दुधाळ करतं आणि खाल्लेलं सगळं परत सोडतं. शिवाय त्याच्यामागे मोठी बदनामी आहे. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालीच समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा दिसला आणि पुढे तो भूमध्य समुद्रात हेक्टरच्या हेक्टर पसरला. म्हणून नियम पक्का ठेवा. टाकीतलं काहीही, शेवाळ असो, मासा असो की पाणी, खाडीत किंवा समुद्रात ओतायचं नाही.

रात्री साडेअकरा

"आता हॉलचा लाइट बंद कर," मित्र म्हणाला.

टॉर्चचा झोत काचेवर तिरका पडला आणि काच जिवंत झाली. पांढरे ठिपके. मिठाचे दाणे वाटावेत असे, पण धावणारे. एक ठिपका थांबतो, झटका देतो, दुसरीकडे प्रकटतो. मोजता येईना इतके. काही माद्यांच्या शेपटीशी अंड्यांच्या पिशव्या. भिंगातून बघितलं तर दिसतात.

यातली मुख्य जात टिस्बे. खडकाच्या फटीत राहणारी, लाजरी, कुजलेला पाला आणि चिकट थर खाणारी. थोडी टिग्रिओपस, आकारानं मोठी, तांबूस, पाण्यात मोकळी पोहणारी. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. सहा अवस्था त्या रूपात, मग आणखी पाच अवस्था दुसऱ्या रूपात, प्रत्येक वेळी कात टाकायची आणि मग प्रौढ. कोमट पाण्यात टिस्बेचा हा सगळा प्रवास साधारण दोन आठवड्यांत उरकतो. प्रमोशनचा वेग हेवा वाटावा असाच!

त्यांना बाटलीतून आणून दिवे बंद केल्यावर, रात्री, थेट आसऱ्यात सोडायचं. अधूनमधून हिरवं फायटोप्लँक्टन घालायचं, थोडंच. आणि मग वाट बघायची. अनुभवी मंडळींचा ढोबळ नियम असा, की मँडरिनसाठी टाकी पावणेतीनशे लिटरच्या आसपास हवी, भरपूर खडक हवेत आणि ती सहा महिने ते वर्षभर मुरलेली हवी. लोणच्यासारखी. कोपेपॉडवर ताव मारणारे दुसरे मासे, उदाहरणार्थ छोटे रॅस, त्या टाकीत नकोत. या मित्राची टाकी थोडी लहान आहे, म्हणून खालची शेती जास्त जोमाची हवी.

आठ महिने तो थांबला. दर शनिवारी रात्री काचेवर एक चौकोन आखून ठिपके मोजायचे, तारीख टाकून शीटमध्ये लिहायचे. आलेख तीन महिने जमिनीला चिकटून होता, मग चढला, मग दोन आठवडे घसरला, पुन्हा चढला आणि स्थिर झाला. दहाव्या महिन्यात मँडरिन आला. दुकानात जाऊन त्यानं आधी पोट बघितलं, मग रंग.

काकूंचा फोन आला तो त्यानंतर महिन्याभरानं. "अगं, ये एकदा. तो सकाळपासून टुकटुक करत खातच असतो. मी चहा घेऊन समोर बसते. आणि पोट बघ त्याचं, कसं गोल गरगरीत झालंय!"

तिसरा थांबा : हाजीअली, ओहोटी

इतकं सगळं बघितल्यावर प्रश्न पडतो, की हेच सगळं निसर्गात कुठं असतं? उत्तरासाठी पासपोर्ट लागत नाही.

उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे जवळपास दीड मजला पाणी चढतं आणि उतरतं. अशा दिवशी ओहोटीला हाजीअली, कार्टर रोड किंवा गिरगावच्या खडकांवर गेलात, तर काळ्या बेसॉल्टच्या खळग्यांत अडकलेलं पाणी दिसेल. परातीएवढी डबकी. प्रत्येक डबकं म्हणजे एक रिफ्युजियम. मोठे मासे पाण्याबरोबर निघून गेलेत आणि मागे राहिलेत ती शेवाळं, झोअँथिडच्या फुलांसारख्या वसाहती, गोगलगायी, खेकडे आणि नीट बघितलंत तर झटके देत पोहणारे पांढरे ठिपके. तेच, काचेवरचे. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम किनाऱ्यावरचं हे जग लोकांना दाखवतोय. पहिल्यांदा जाताना जाणकारांसोबतच जा.

याच खडकांच्या शेजारून आता कोस्टल रोड जातो. त्याच्या कामासाठी 2020 मध्ये हाजीअली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसरीकडे हलवावी लागली. त्या रस्त्यावरून आपण सगळेच जातो आणि वाचलेल्या मिनिटांचा आनंदही घेतो. पण घोडबंदर रोडच्या कपाटात एक खोली उभी करायला दहा महिने लागले, हे बघून आल्यावर त्या डबक्यांकडे बघायची नजर बदलते. तिथं कुणी व्हॉल्व्ह बसवला नव्हता, कुणी एक्सेल शीट भरली नव्हती.

आणि ठाण्याची खाडी? ऐरोली पुलावरून ऑफिसला जाताना दोन्ही बाजूंना जी कांदळवनं दिसतात, ती या महानगराची उजवीकडची खोली आहे. मुळांच्या गुंत्यात माशांची आणि कोळंबीची पिल्लं लपतात, गाळावर सूक्ष्म शेती चालते आणि रोज दोनदा भरतीचा पंप ते सगळं बाहेर नेतो. 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये तो रामसर यादीत गेला. फ्लेमिंगोंचे फोटो सगळेच काढतात. त्यांच्या पायाखालच्या चिखलात काय चाललंय, हे मात्र आता तुम्हाला ठाऊक आहे.

निघण्याआधी

जागा : पाणी, काच, खडक आणि कपाट मिळून चारशे किलोंच्या पुढं वजन जातं. टाकी भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी विचारा.

पाणी : जुहूचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका. सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यात घसरलेला खारेपणा, तिन्ही फुकट मिळतील. आरओचं पाणी आणि टाकीसाठीचं तयार मीठ वापरा. लिटरला साधारण 35 ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही.

तापमान : 25 ते 27 अंश. मुंबईच्या उन्हाळ्यात यासाठी चिलर किंवा निदान पंखे लागतात. बजेटमध्ये तो खर्च आधीच धरा.

वेळ : पहिले चार ते सहा आठवडे फक्त जिवाणूंचे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय काही सोडू नका. मग कोपेपॉड, मग साधे मासे आणि मँडरिन सगळ्यात शेवटी.

कायदा : कठीण प्रवाळं आणि समुद्रघोडे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे. 'आपलं फिक्स आहे' म्हणणाऱ्या दुकानदारापासून दूर राहा.

खरेदी : मासा घेताना दुकानदाराला त्याच्यासमोर खाऊ घालायला सांगा. खात नसेल, पोट आत गेलं असेल, तर कितीही देखणा असला तरी पिशवी भरू नका.

आणि एवढं काही जमणार नसेल तर : भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, उधाणाचा एखादा रविवार गाठा, घसरणार नाहीत असे बूट घाला आणि खडकांवर जा. डबक्यात हात न घालता शेजारी पाच मिनिटं उकिडवे बसा. ठिपके हलायला लागतील. दगड उलटलात, तर होता तसा परत ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.